वाटणीचे गणित

कुटुंबाच्या इतिहासात 'वाटणी' या शब्दाइतका धास्तीचा शब्द दुसरा नसेल. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद चर्चच्या वहीत होते. वाटणीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात होते, आणि त्याहून खोलवर माणसांच्या मनात होते. ओटीच्या मधोमध भिंत चढते, एका चुलीच्या दोन चुली होतात, काल एका ताटात जेवलेले भाऊ आज बांधावरून एकमेकांस ओळख देईनासे होतात. फूट, फाळणी, दुफळी, ताटातूट अशा शब्दांची रांग आपल्या भाषेने याच अनुभवातून उभी केली आहे.

तथापि, त्याच भाषेत 'वाटणे' या क्रियापदाला दुसरीही एक बाजू आहे. नाताळचा फराळ आपण शेजारीपाजारी वाटतो. मूल उत्तीर्ण झाले की पेढे वाटतो. तेथे वाटल्याने घरात काही उणे झाले असे कोणालाही वाटत नाही. एकाच शब्दात घट आणि वाढ अशी दोन्ही सामावली आहेत. मग प्रश्न असा पडतो, की एकाचे दोन होताना उणे होणे अटळ आहे काय? की उणेपण वाटणीत नसून ती करण्याच्या आपल्या रीतीत आहे?

या प्रश्नाचा विचार करताना आम्ही एका अनपेक्षित साक्षीदाराकडे वळणार आहोत. तो डोळ्यांना दिसत नाही, चिखलात, मिठात आणि उकळत्या झऱ्यात राहतो, आणि एकाचे दोन होणे हाच त्याचा वंशविस्तार आहे. त्याची ओळख करून देण्यासाठी वाचकांना आम्ही प्रथम एका डोंगराळ गावाकडे नेऊ इच्छितो.

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात खोडाळा हे गाव आहे. एका बाजूस जव्हार-मोखाड्याकडे आणि दुसऱ्या बाजूस विहीगावमार्गे कसाऱ्याकडे रस्ता जातो. भोवताली वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या समाजांचे पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यापूर्वी येथला शेतकरी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतो. पहिल्या पावसावर त्या भाजलेल्या जमिनीत भाताचे बी पेरतो. रोप वीतभर झाले की ते उपटून, त्याच्या मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरांत आवणी होते. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई पिकते. पीक हाती आले आणि दिवाळी सरली, की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात, कारण घरचे धान्य वर्षभर पुरत नाही.

ते न पुरण्याचे एक कारण वाटणी हेही आहे. बापाचे खाचर दोन लेकांकडे आले की मधोमध नवा बांध पडतो. बांधही जागा खातो. पिढ्यांमागून पिढ्या असे बांध पडत गेले, की त्यांनी खाल्लेली जमीन कोणाच्याच वाट्याला येत नाही. ही गोष्ट सरकारच्याही ध्यानात आली होती. मुंबई प्रांतात १९४७ साली केलेला तुकडेबंदीचा कायदा याच भीतीतून जन्मला. कायदा आला, तरी भाऊ वेगळे होण्याचे थांबले नाहीत. वाडीच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. प्रदेश वेगळा, पीक वेगळे, दुखणे तेच.

आता त्याच खाचरातील चिखलाकडे पाहू. पाणी साचून राहिले की मातीतील प्राणवायू संपतो. जेथे आपण क्षणभरही जगणार नाही, त्या काळोख्या, प्राणवायूविरहित थरात असंख्य सूक्ष्म जीव सुखाने नांदतात. कुजणाऱ्या पदार्थांपासून ते मिथेन वायू तयार करतात. खाचरात पाय पडताच चिखलातून वर येणाऱ्या बुडबुड्यांत त्यांनी घडवलेला हा वायू असतो. गोबर गॅसच्या टाकीत राबणारे कामगारही हेच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू मिळवून तो वापरात आणला गेला, तेव्हा तो कोण घडवतो हे खऱ्या अर्थाने कोणासही ठाऊक नव्हते.

दीर्घ काळ या जीवांना सामान्य जिवाणूंच्या यादीत टाकले गेले होते. १९७७ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या पेशींतील एका मूलभूत रेणूची अक्षरे ताडून पाहिली आणि जाहीर केले, की हे जिवाणू नव्हेतच. ही सजीवांची तिसरीच शाखा आहे. दिसायला जिवाणूंसारखी, पण वंशाने निराळी. पुढे १९९० साली या शाखेस 'आर्किया' हे नाव मिळाले. 'प्राचीन' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते घेतलेले आहे. आपल्या परिचयातही हे जीव आहेतच. मिठागरातील आटत आलेल्या पाण्यावर जी लालसर छटा चढते, ती मुख्यत्वे मीठप्रिय आर्कियांची. २०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले आणि महाराष्ट्र चकित झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा तो रंगही याच कुळातील जीवांचा निघाला.

हे जीव विभागतात कसे, हे पाहणे मात्र सोपे नव्हते. त्यांची पेशी बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी असते. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा पन्नासहून अधिक पेशी शेजारी शेजारी मावतील. पण खरी अडचण आकाराची नव्हती. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडात उतरलेल्यांना ते पाणी अंगाला कसे लागते हे ठाऊक आहे. 'सल्फोलोबस' नावाचे आर्किया ७५ अंश सेल्सियसच्या आसपास, तेही आम्लधर्मी पाण्यात, आपला संसार थाटतात. अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांत ते थॉमस ब्रॉक यांना सापडले आणि १९७२ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. अशा जीवाला सूक्ष्मदर्शकाच्या थंड काचेवर ठेवले, की तो थिजतो. खाचरातील मिथेनकारी जीवांना हवेतील प्राणवायू सोसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात पोकळी असल्यामुळे तेथे जिवंत पेशी पाहणेच अशक्य. परिणामी कित्येक वर्षे शास्त्रज्ञांजवळ होती ती मृत पेशींची चित्रे. एक चित्र विभाजनाच्या आधीचे, एक मधले, एक नंतरचे. त्यांवरून मधली हालचाल तर्काने जुळवायची.

२०२० साली ब्रिटनमधील बझ बॉम यांच्या चमूने यावर तोड काढली. सूक्ष्मदर्शकाखालीच त्यांनी लहानशी तापलेली कोठडी बनवली, आणि ७५ अंशांवर, पेशीला तिच्या स्वतःच्या हवामानात ठेवून, तिचे आवरण चमकदार रंगाने उजळवून ते तिच्याकडे पाहत राहिले. एकाचे दोन होताना प्रथमच स्पष्ट दिसू लागले. सल्फोलोबसवरून त्यांनी त्या उपकरणाला 'सल्फोस्कोप' असे गमतीचे नाव दिले. यात आम्हांला एक शहाणपण दिसते. दुसऱ्याला आपल्या तापमानाला आणून पाहिले, तर तो मृतच दिसणार. खोडाळ्याकडे शहरातून पाहणारा अहवालातील आकडे पाहतो, आणि भावाच्या घराकडे कोर्टाच्या कागदांतून पाहणाऱ्यास केवळ प्रतिवादी दिसतो. जिवंत माणूस पाहायचा, तर त्याच्या उंबऱ्याच्या आत जाऊन बसावे लागते.

मग त्या कोठडीत दिसले तरी काय? सल्फोलोबसच्या विभाजनाची हकिकत अशी आहे. पेशी आपला वारसा, म्हणजे जिच्यात तिच्या जगण्याचा सारा मजकूर लिहिलेला आहे ती जनुकांची माळ, प्रथम पूर्णपणे नकलून काढते. नक्कल पूर्ण झाली म्हणून ती लगेच विभागत नाही. आपल्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ ही पेशी दोन पूर्ण माळा जवळ बाळगून, वाढत, थांबून राहते. त्यानंतर दोन माळा दोन बाजूंस सरकतात. मग पेशीच्या मध्यावर, आवरणाच्या आतून, काही प्रथिनांचे एक कडे बसते. या कड्यातील एक प्रथिन केवळ आधाराचे असते. घर बांधताना परांची बांधतात, तसे ते इतरांना जागा दाखवते. इतर दोन प्रथिने त्या आधारावर येऊन बसली, की पेशीतील विघटनयंत्रणा ते आधाराचे प्रथिन मोडून टाकते. परांची निघाली की उरलेले कडे आवळत जाते, आणि एका पेशीच्या दोन होतात.

शास्त्रज्ञांनी हे दोन्ही अंगांनी पडताळले. माणसाच्या कर्करोगावर वापरले जाणारे बोर्टेझोमिब नावाचे औषध देऊन त्यांनी ती विघटनयंत्रणा थांबवली. परांची तशीच राहिली आणि पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर अडकून पडल्या. मग त्यांनी आवळणाऱ्या दोन प्रथिनांपैकी एकेक काढून पाहिले. एकाच्या अभावी विभाजन मधूनमधून फसू लागले. दुसऱ्याच्या अभावी विभाजन होई, पण कडे मध्यावरून ढळे आणि एक लेक मोठी, एक लहान अशी विषम वाटणी होई. म्हणजे इतक्या क्षुद्र जीवातही वाटणी समान व्हावी यासाठी निराळी योजना आहे.

याहूनही विस्मयकारक गोष्ट पुढे आहे. मीठप्रिय आर्किया या कामी जिवाणूंच्या प्रथिनांशी नाते सांगणारी प्रथिने वापरतात. पण सल्फोलोबसच्या कड्यातील प्रथिनांचे सगोत्र थेट आपल्या शरीरात आहेत. आपल्या शरीरातील पेशी विभागते तेव्हा दोन लेकींना जोडणारा अखेरचा बारीक धागा याच कुळातील प्रथिने तोडतात. ही गोष्ट २००७ साली उजेडात आली, आणि सल्फोलोबसमधील त्यांची भूमिका त्याच्या पुढच्याच वर्षी. आपल्यासारख्या सर्व गुंतागुंतीच्या सजीवांच्या पेशी आर्कियांच्याच एका प्राचीन शाखेतून उगवल्या असाव्यात, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. या लेखाचा वाचक आणि गंधकी झऱ्यातील तो अदृश्य जीव यांच्यात वाटणीची एक सामाईक रीत कोट्यवधी वर्षे चालत आली आहे.

येथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. पेशी विभागल्यावर आई कोठे गेली? मृत्यू म्हणावा तर प्रेत नाही. जगली म्हणावे तर ती कोणती, डावी की उजवी? काही कीटकांचे दोन तुकडे केले तरी दोन्ही तुकडे काही काळ जगतात, हे अ‍ॅरिस्टॉटलने पाहिले होते. अशा प्राण्यांतील जीवतत्त्व प्रत्यक्षात एक, परंतु शक्यतेच्या रूपात अनेक असते, असे उत्तर त्याने दिले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तोच विचार उचलून धरला. मनुष्याच्या आत्म्यास हे लागू नाही, तो अविभाज्य आहे, हे त्यांनी अर्थातच बजावले. सूक्ष्मदर्शक नसलेल्या त्या काळात केलेला हा भेद आजही आम्हांला मोलाचा वाटतो. जे प्रत्यक्षात एक आहे त्याच्या पोटात अनेकत्वाची शक्यता असू शकते, आणि ती प्रकट होणे म्हणजे त्या एकाचा नाश नव्हे. दोन्ही लेकींत आई पूर्णपणे आहे. अर्धी आई कोणाच्याच वाट्याला आलेली नाही.

आपल्या वाटणीत मात्र नेमके उलटे घडते. पेशी आधी दुप्पट करते आणि मग वाटते. आपण दुप्पट न करताच वाटतो.

यावर जाणता वाचक लगेच आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप रास्त आहे. पेशीला बाहेरून अन्न मिळते, म्हणून ती दुप्पट होते. खोडाळ्याचे खाचर कसे दुप्पट व्हावे? दोन एकरांचे चार एकर करणारी विद्या कोणाकडे आहे? शिवाय पेशी काही सद्‌गुणी नाही. तिला निवड नाही, म्हणून तिला पुण्यही नाही. बेबंद विभागत सुटलेल्या पेशीलाच आपण कर्करोग म्हणतो. निसर्गाच्या पाटीवरून नीतीचा पाठ जसाच्या तसा उतरवून घेणे धोक्याचे असते. हे सारे आम्हांला मान्य आहे. साक्षीदार आणि न्यायाधीश यांत फरक आहे. पेशीची साक्ष काढायची, निवाडा आपणच करायचा.

पण साक्ष काढली की एक गोष्ट लख्ख होते. घरातील ठेव दोन प्रकारची असते. जमीन, घर, विहीर, दागिने ही ठेव वाटली की निम्मी होते. त्यावर उपाय नाही. दुसरी ठेव मात्र निम्मी होण्याचे काहीच कारण नसते, ती नकलून घेता येते. कोणत्या खाचराला पाणी आधी सोडावे, कोणते बियाणे कोणत्या मातीला मानवते, नागलीचा गोटा कसा राखावा, ही जाण थोरल्याने धाकट्याला दिली तर थोरल्याकडची घटत नाही. घरची बोली, गाणी, आजीच्या औषधांची माहिती, नात्यागोत्यांची ओळख, एकमेकांच्या शेतात आवणीला जाण्याची रीत हे सारे दोन्ही चुलींवर पूर्णच्या पूर्ण नांदू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वृद्ध आईवडिलांची माया व सेवा. ती तर दोन्ही घरी पूर्ण असायलाच हवी.

आपण काय करतो? जमिनीच्या तसूतसूसाठी मोजणी आणतो, आणि आईवडिलांचीही वाटणी करतो. आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. कोठे बाप थोरल्याकडे आणि आई धाकट्याकडे. पन्नास वर्षे एका छपराखाली काढलेली दोन माणसे अखेरच्या दिवसांत सणावारीच एकमेकांस दिसतात. ज्याची नक्कल होऊ शकत होती, जे दोन्ही घरी पूर्ण राहू शकत होते, ते आपण निम्मे केले. वाटणीचे खरे पाप आमच्या मते येथे आहे. बांध पडण्यात पाप नाही. दुप्पट करण्याजोगे होते ते निम्मे करण्यात पाप आहे.

समानतेचा प्रश्नही असाच. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मुलगा आणि मुलगी यांच्यात भेद करीत नाही. डोंगरातही २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहित दावेदाराचा पट्टा पती आणि पत्नी या दोघांच्या नावे द्यावयाचा आहे. तो पट्टा विकता येत नाही, वारसाने मात्र पुढे जातो. कायद्याने कडे मध्यावर ठेवले आहे. ते ढळवतो तो आपला व्यवहार. लेकीला प्रेमाने जेवू घालून, डोळ्यांत पाणी आणून, हक्कसोडपत्रावर तिची सही घेणारी घरे आपल्यात कमी नाहीत. तिने राजीखुशीने सोडले असेल तर प्रश्न वेगळा. पण 'माहेर तुटेल' या धाकाने सोडले असेल, तर ती वाटणी विषमच. कागदावर सगळे रीतसर असले, तरीही.

परांचीची गोष्टही घराला लागू आहे. प्रत्येक एकत्र कुटुंबात कोणीतरी एक माणूस सर्वांना धरून असतो. बहुधा थोरला भाऊ किंवा आई. त्यांच्या आधारावरच बाकीचे उभे राहिलेले असतात. परंतु वेळ आली की त्या आधारानेही हात सोडावा लागतो. मी आहे तोवर वाटणीचे नाव काढायचे नाही, असा हट्ट धरणारे वडीलधारे घर एकत्र राखीत नाहीत, ते घराला उंबरठ्यावर अडकवून ठेवतात. मग त्यांच्या डोळ्यांमागे होणारी वाटणी कोर्टात होते. आपल्या हयातीत, शुद्धीत, सर्व लेकरांना समोर बसवून, समतेने हात सोडणे हे वडिलकीचे अखेरचे आणि अवघड कर्तव्य आहे.

आणि घाई नको. सल्फोलोबस निम्म्याहून अधिक आयुष्य दोन वारसे जवळ बाळगून थांबते. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाचे खांब निघतात न निघतात तोच वेगळ्या चुलीची भाषा सुरू होते. वेगळे होणे वाईट नव्हे. नव्या सुनेला स्वतःचे घर हवेसे वाटणे, धाकट्याला स्वतःच्या हिमतीवर उभे राहावेसे वाटणे, हे वाढीचेच लक्षण आहे. अट एवढीच, की जाणाऱ्याच्या गाठीला आणि राहणाऱ्याच्या गाठीला काय काय पूर्ण बांधून द्यायचे, याचा विचार आधी व्हावा.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. घरात वाटणीचा विषय निघाला, तर मोजणीदाराला बोलावण्यापूर्वी एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसावे. लेकी आणि जावईही बोलवावेत. कागदाच्या एका बाजूस निम्मे होणाऱ्या वस्तू लिहाव्यात. ती यादी लवकर संपेल. दुसऱ्या बाजूस दोन्ही घरी पूर्ण राहू शकतील अशा गोष्टी लिहाव्यात, आणि पहिल्या ओळीवर आईवडिलांचे नाव घालावे. ही दुसरी बाजू भरल्यावाचून पहिल्या बाजूवर कोणी सही करू नये.